युद्धातून निसटून आलेल्या शेजाऱ्यांना सोसायटीतल्या लोकांनी नेमका काय आधार द्यावा?

विमाननगरची शेजारीण

नमस्कार. आमच्या सोसायटीत एक सुदानी कुटुंब भाड्याने राहते. थोरला मुलगा शिक्षणासाठी आधीपासूनच पुण्यात होता. 15 एप्रिल 2023 रोजी सुदानच्या राजधानीत, खार्टूममध्ये, लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली, आणि त्यानंतर काही काळाने त्याची आई, शाळकरी वयाची बहीण आणि धाकटा भाऊ इजिप्तमार्गे त्याच्याकडे येऊन पोहोचले. वडिलांचा पत्ता नाही, एवढेच आम्हाला कळले आहे. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत.

मी निवृत्त शिक्षिका आहे. आमचा भिशीचा गट जुना आहे आणि गटातल्या सगळ्यांनाच या कुटुंबासाठी काहीतरी करावे असे वाटते, परंतु काय करावे यावर एकमत होत नाही. आई दिवे लागल्यानंतर घराबाहेर पडत नाही. लोहगावच्या विमानतळावरून लढाऊ विमाने उडाली की धाकटा मुलगा जिन्यात असेल तिथेच भिंतीला टेकून बसतो आणि आवाज थांबल्यावरही बराच वेळ उठत नाही. मुलगी मालिका पाहून पाहून बऱ्यापैकी हिंदी बोलू लागली आहे, त्यामुळे किराणा दुकानापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे तीच आईची दुभाषी असते. थोरला दिवसभर कॉलेजात आणि रात्री फोनवर.

आमच्या कमिटीत तीन मते आहेत. एका सदस्यांचे म्हणणे असे, की 26 जानेवारीला हॉलमध्ये छोटा कार्यक्रम ठेवावा, आईंनी आपले अनुभव सांगावेत, म्हणजे लोकांना जाणीव होईल आणि मदतनिधीही जमेल. दुसऱ्या बाईंच्या मते हे सगळे मानसोपचारतज्ज्ञाचे काम आहे आणि आपण पहिल्या दिवसापासून त्यांना तिकडेच न्यावे. तिसरे गृहस्थ म्हणतात की परदेशी लोकांचा विषय सरकारने पाहावा, सोसायटीने त्यात पडू नये, उद्या काही झाले तर पोलीस आपल्याच दारात येतील. तिघांच्याही म्हणण्यात काही तथ्य असेल, पण दरम्यान ते कुटुंब आमच्यासमोर राहते आहे आणि जिन्यात भेटल्यावर हसण्यापलीकडे आमच्याकडून काही होत नाही. या प्रकारचे काम केलेल्या कोणी मार्गदर्शन केल्यास उपकार होतील.

वस्तीतली कार्यकर्ती

ताई, मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचे काम करते. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि खाली लिहिलेले कशासाठीही औषधाचा पर्याय नाही, हे आधी सांगते.

सर्वात आधी तो कार्यक्रम रद्द करा. त्या सदस्यांचा हेतू चांगलाच असणार, पण अनोळखी लोकांसमोर एका बैठकीत सगळी हकिगत सांगितल्याने मन मोकळे होते ही समजूत तपासून पाहिली गेली आहे आणि ती टिकलेली नाही. आघातानंतर लोकांना एकदाच बसवून सर्व काही बोलायला लावण्याची पद्धत एके काळी तज्ज्ञांमध्येही रूढ होती; पुढे झालेल्या चाचण्यांमध्ये तिने त्रास टळत नाही आणि काहींचा तर वाढतो असे दिसले, म्हणून जागतिक आरोग्य संघटना आज तिची शिफारस करत नाही. शिवाय या बाईंचे नातेवाईक अजून तिकडे असतील. इथल्या हॉलमधला एक फोटो किंवा व्हिडिओ तिथपर्यंत पोहोचायला काही मिनिटे लागतात, आणि तो कोणाच्या हाती पडेल हे आपल्याला ठरवता येत नाही. त्या स्वतः होऊन कधी बोलल्या तर ऐका. किती सांगायचे, कधी थांबायचे, हे मात्र त्यांच्याच हातात राहू द्या. ज्यांच्या आयुष्यातले सगळे निर्णय बंदूकधाऱ्यांनी घेतले, त्यांना निदान एवढा निर्णय परत मिळायला हवा.

दुसऱ्या बाईंचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. आपत्तीत आणि संघर्षात मानसिक आधार कसा द्यावा, यावर संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि इतर मदतसंस्था यांच्या संयुक्त समितीने 2007 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत चार थर मानले आहेत. सर्वांत खाली सुरक्षितता, निवारा, अन्न यांसारख्या मूलभूत गोष्टी. त्यावर कुटुंब आणि शेजारपाजार यांचा आधार. त्याच्या वर थोडे प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य माणसांनी द्यायची मदत. आणि टोकाला मोजक्यांना लागणारे तज्ज्ञांचे उपचार. तुमची भिशी दुसऱ्या थरात बसते, आणि तो थर नसेल तर वरच्या थरातल्या डॉक्टरकडे माणूस एकदा जातो आणि पुन्हा जात नाही, असा माझा वस्तीतला अनुभव आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा आहे की संघर्षग्रस्त भागातल्या साधारण पाचांपैकी एका व्यक्तीला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो, आणि त्यात सौम्य विकारही धरलेले आहेत. म्हणजे बहुसंख्य लोक दुःखी असतात, घाबरलेले असतात, झोपेवाचून थकलेले असतात, पण आजारी नसतात. त्यांना लागते ती घडी बसलेली रोजची राहणी.

तेव्हा नियमितपणापासून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात आठ जणी डबे घेऊन दारात आणि तिसऱ्या आठवड्यापासून कोणीच नाही, हा प्रकार फार होतो. त्यापेक्षा तुमच्यातल्या एकीने दर बुधवारी ठरलेल्या वेळी त्यांच्याबरोबर भाजी आणायला जावे, आणि ज्या बुधवारी जमणार नसेल त्याचा निरोप आदल्या दिवशी द्यावा. हे फारच किरकोळ वाटेल. पण उद्या काय होईल हे ज्यांना कित्येक महिने माहीत नव्हते, त्यांच्या दृष्टीने एक माणूस सांगितल्या वेळी येतो ही मोठी गोष्ट असते.

विमानांबाबत. मुलाला काय चालले आहे हे सरळ सांगा: ही इथल्या हवाई दलाची सरावाची विमाने आहेत, ती रोजच उडतात, ती काही टाकत नाहीत. एकदा सांगून भागणार नाही, कारण त्याला हे डोक्याने पटले तरी त्याचे शरीर आवाजालाच उत्तर देत असते. अशा वेळी त्याला उठवू नका, "घाबरट" म्हणू नका, मिठीही विचारल्याशिवाय मारू नका. त्याच्यापेक्षा खालच्या पायरीवर बसा, आपल्या नेहमीच्या आवाजात बोला, श्वास हळूहळू बाहेर सोडायला लावा, समोर दिसणाऱ्या चार वस्तूंची नावे विचारा. इमारतीतल्या इतर मुलांनाही त्यांच्या भाषेत हे समजावून ठेवा, नाहीतर त्याची नक्कल सुरू व्हायला वेळ लागत नाही.

वडिलांचा विषय सर्वांत अवघड आहे. बातमी नसलेल्या माणसासाठी ना शोक करता येतो, ना वाट पाहणे सोडता येते. "येतील हो परत" असेही म्हणू नका आणि "आता मन घट्ट करा" असेही नको. युद्धात ताटातूट झालेल्यांचा शोध घेण्याची रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंटची एक जुनी जागतिक व्यवस्था आहे आणि भारतीय रेड क्रॉस सोसायटीही तिचा भाग आहे. कुटुंबाची इच्छा असेल तर अर्ज कसा करायचा ते विचारून द्या. उत्तर येईलच अशी खात्री देऊ नका.

मुलीला दुभाषेपणातून सोडवा. आईची पाळी, झोप न लागणे, रडणे हे बारा-तेरा वर्षांच्या मुलीने डॉक्टरांना सांगायचे नसते. आई तिच्यासमोर खरे बोलत नाही आणि मुलीला नको ते कळते. पुण्यात सुदानी विद्यार्थी अनेक वर्षांपासून येत आहेत, त्यामुळे अरबी आणि हिंदी जाणणारी एखादी प्रौढ स्त्री मिळणे अशक्य नाही. मात्र तिथले युद्ध सुदानी लोकांमधलेच आहे आणि पश्चिमेकडच्या दारफुर भागात तर विशिष्ट जमातींच्या लोकांना वेचून मारले गेले. कोणता देशबांधव आपला आणि कोणता नाही हे आपण बाहेरून ठरवू शकत नाही. दुभाषी कोण हवी हे आईंनाच विचारा, आणि फोनवरून, नाव न सांगता भाषांतर करण्याची सोयही सुचवा.

तज्ज्ञांची गरज केव्हा? कोणी मरण्याची भाषा करू लागले, खाणे-झोपणे पार थांबले, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, घरात मारहाण सुरू झाली, किंवा कित्येक महिन्यांनंतरही एखादी व्यक्ती अंथरुणातून उठून रोजची कामे करू शकत नसेल, तर थांबू नका. ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सरकारी सेवेचा हक्क प्रत्येक व्यक्तीला देतो. रात्री-अपरात्री 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा विनाशुल्क क्रमांक आहे. तिथे मराठी आणि हिंदी चालते, अरबीचा प्रश्न राहतो.

तिसऱ्या थराविषयीही दोन वाक्ये लिहिते, कारण त्याची माहिती फार थोड्यांना असते. सामान्य लोकांना थोडे शिकवून त्यांच्याकडून समुपदेशन करवून घेता येते, हे आता चांगले सिद्ध झाले आहे. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने ते प्राथमिक आरोग्य केंद्रांत करून दाखवले आणि आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत 'आत्मीयता' प्रकल्पात गावातल्याच स्त्री-पुरुषांनी ते केले. जागतिक आरोग्य संघटनेने अशा लोकांनी द्यायच्या मदतीची पाच बैठकींची एक पद्धतही तयार केली आहे. तुमच्यातल्या एखादीला रस असेल तर पुण्यातल्या 'बापू ट्रस्ट'सारख्या, वस्तीपातळीवर काम करणाऱ्या संस्थांना विचारून पाहा.

कागदपत्रवाला वकील

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, पण माझ्या धंद्यातली माणसे म्हणतील की त्या बाईंची झोप उडवणाऱ्या गोष्टींत व्हिसाची तारीख बॉम्बच्या बरोबरीने असेल. तिसऱ्या गृहस्थांच्या शंकेचेही उत्तर यातच आहे.

भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. कायद्याच्या नजरेत हे कुटुंब परदेशी नागरिकांचे कुटुंब आहे. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार स्वतः पाहते. अफगाणिस्तान, म्यानमार, सुदान, सोमालिया वगैरे देशांतून आलेल्यांचे अर्ज संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितविषयक उच्चायुक्तालय पाहते आणि त्याचे मुख्य काम दिल्लीतून चालते. त्यांच्याकडून मिळणारे कार्ड उपयोगी पडते, पण ते व्हिसाची जागा घेत नाही. डिसेंबर 2011 मध्ये गृह मंत्रालयाने छळाच्या साधार भीतीने आलेल्यांना दीर्घ मुदतीचा व्हिसा देण्याची कार्यपद्धती आखली. तो मिळाला तर खाजगी नोकरी करता येते आणि शिकताही येते. मिळणे सोपे नाही. शिवाय 2025 मध्ये परदेशी नागरिकांसंबंधीचा नवा कायदा लागू झाल्यामुळे इंटरनेटवरचे जुने सल्ले वाचून काहीही करू नका.

सोसायटीपुरते काम थोडे आहे. परदेशी व्यक्तीला जागा देणाऱ्याने तिची नोंद चोवीस तासांत ऑनलाइन करायची असते, ज्याला लोक अजूनही सी फॉर्म म्हणतात. घरमालकाने ती केली आहे ना, हे त्याला विचारा. भाडेकरार नोंदणीकृत असावा. एवढे नीट असले की पोलीस आले तरी कागद दाखवून चहा पाजायचा. राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदातले जीविताचे संरक्षण नागरिकांपुरते मर्यादित नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे; आपल्या कमिटी सदस्यांना ते ऐकवायला हरकत नाही.

मुलांची शाळा सुरू आहे का, हे तुम्ही लिहिले नाही. नसेल तर सर्वांत आधी तेच करा. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकासाठी आहे, वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा असे तो सांगतो आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. लिपिक तरीही दाखला मागेलच. अशा वेळी तुमच्यासारख्या निवृत्त शिक्षिकेने बरोबर जाणे माझ्या नोटिशीपेक्षा जास्त उपयोगी पडते, हे मी वकील असून सांगतो. कायद्याची मदत लागली तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रिया आणि मुले उत्पन्नाच्या अटीशिवाय अर्ज करू शकतात.

टोरोंटोतला कोथरूडकर

मी गेली अनेक वर्षे कॅनडात आहे आणि इथल्या एका शेजारगटात काम करतो, म्हणून लिहितो. इथली चौकट वेगळी आहे, ती तुमच्याकडे जशीच्या तशी लागू होणार नाही.

कॅनडात 1979 पासून सामान्य नागरिकांना निर्वासित कुटुंब प्रायोजित करता येते. पाच किंवा अधिक लोकांनी मिळून अर्ज करायचा (2024 च्या अखेरीस अशा गटांचे नवे अर्ज घेणे थांबवले गेले), पैसे जमवायचे आणि साधारण वर्षभर त्या कुटुंबाचे घर, किराणा, शाळा, दवाखाना पाहायचे. व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून 1979 आणि 1980 या दोन वर्षांत सुमारे 60,000 लोक आले आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचा भार चर्च, मोहल्ले आणि मित्रमंडळींच्या अशा गटांनी उचलला. सीरियन कुटुंबे आली तेव्हा मी या कामात शिरलो.

तेव्हापासून माझे एक मत पक्के झाले आहे, की गटात कामे वाटून घेतली नाहीत तर कुटुंबाचे हाल होतात. प्रत्येकालाच मायेचे काम हवे असते, बँकेच्या रांगेत उभे राहायला कोणी तयार नसते. त्यामुळे एकाने फक्त शाळा पाहायची, एकाने फक्त दवाखाना, एकाने पैशांचा हिशेब. आणि कुटुंबाशी बोलायला मुख्य माणूस एकच, नाहीतर त्यांना आठ सुना आणि आठ सासवा झाल्यासारखे होते. पैसे दिल्यावर ते कशावर खर्च झाले हे विचारण्याचा मोह आवरावा लागतो. आमच्याकडे एका कुटुंबाने मोठा टीव्ही घेतला म्हणून गटात बरेच दिवस धुसफुस चालली होती. टीव्हीवर ते आपल्या भाषेतल्या बातम्या पाहत होते, आणि पाहत नसते तरी तो त्यांचा प्रश्न होता.

दुसरे असे, की पहिले काही महिने सगळे सुरळीत दिसते, लोक उत्साहात असतात, आणि नंतर अचानक कोसळतात. धावपळ संपली की गेलेल्या गोष्टींचा हिशेब सुरू होतो. बापमाणसांचे तर फारच वाईट होते. तिकडे दुकान किंवा दवाखाना चालवणारा माणूस इथे मुलांना विचारून बसचे तिकीट काढतो. तुमच्याकडे तो भार थोरल्या मुलावर आहे असे वाटते. सगळे आईकडे आणि लहानग्याकडे पाहत असतील, पण रात्री फोनवर असणारा तो मुलगाही पाहा. त्याला कोणीतरी आठवड्यातून एकदा क्रिकेट-फुटबॉल खेळायला न्यावे, आणि त्या वेळी घरचे काही विचारू नये.

पिंपरी कॅम्प

आमचे आजोबा-आजी 1947 नंतर सिंधमधून आले आणि पिंपरीच्या कॅम्पात राहिले. मी मराठी शाळेत शिकलो. "सरकारचे काम आहे" हे वाक्य आमच्या घरातल्यांनीही त्या काळी ऐकले असणार.

वरच्या कार्यकर्तीताईंशी मी एका मुद्द्यावर थोडा असहमत आहे. इतकी काळजी घ्या, हे विचारू नका, ते बोलू नका, अशी यादी वाचून सामान्य माणूस दार वाजवायलाच घाबरेल. आमच्या आजीला कोणी मानसिक आधार म्हणून काही दिले नाही. शेजारच्या मराठी बाईने तिला इथली भाजी कोणती, ती कशी करायची एवढे दाखवले, आणि आजीने तिला सिंधी लोणचे शिकवले. फाळणीविषयी आजी आमच्याशी कधी बोलली नाही; ते बरे झाले की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही. पण कॅम्पात आपली भाषा बोलणारे, आपले सण करणारे लोक भोवती होते, आणि त्या जोरावर पहिली वर्षे निघाली असे घरातली मोठी माणसे सांगत. तेव्हा या बाईंची पुण्यातल्या इतर सुदानी बायकांशी गाठ पडू द्या. गटातटाचा धोका ताईंनी सांगितला तो खरा आहे, पण त्या भीतीने त्यांना फक्त आपल्यातच ठेवणे हाही एक प्रकारचा बंदिवास होईल.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, हे अनेकांना माहीत असेल. सोव्हिएत राजवटीने सायबेरियात आणि कझाकस्तानात हाकललेले ते लोक इराणमार्गे आले होते, सुमारे 5,000, त्यांत बायका आणि मुलेच अधिक. त्यांनी छावणीत स्वतःच्या शाळा चालवल्या, चर्च बांधले, नाटके केली, स्काउटची पथके काढली. त्यातली मुले म्हातारी झाल्यावर कोल्हापूर पाहायला परत येत असत, यावरून काय ते समजावे. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आज तिला गांधीनगर म्हणतात, जिथे आमचे निम्मे नातेवाईक कापडाचा धंदा करतात. सांगायचा मुद्दा हा, की घरे इथल्यांनी दिली, पण शाळा, नाटक, चर्च ही त्यांची त्यांनी उभारली. मदत घेणाऱ्याच्या हातात काम असले पाहिजे.

वस्तीतली कार्यकर्ती

पिंपरीकरांचा आक्षेप मला मान्य आहे. दार वाजवाच. माझी यादी दार उघडल्यानंतरची होती.

हातात काम देण्याबद्दल एक सुचवते. सुदानमध्ये ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची किस्रा नावाची पातळ पोळी करतात आणि ती वाळवलेल्या भेंडीच्या पुडीने दाट केलेल्या कालवणाबरोबर खातात. आपल्या ज्वारीशी आणि भेंडीशी त्यांची अशी जुनी ओळख आहे, आणि पुण्यात दोन्ही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. पुढच्या भिशीला त्यांना पाहुणी म्हणून बोलावून कोपऱ्यात बसवण्यापेक्षा, त्यांच्या स्वयंपाकघरात तुमच्यातल्या दोघी-तिघींनी किस्रा शिकायला जावे. आपली पोळी फाटेल, त्या हसतील. मग त्यांना भाकरी थापायची असेल तर दाखवा.

विमाननगरची शेजारीण

सर्वांचे मनापासून आभार. कार्यक्रमाचा बेत आम्ही सोडला. ते सदस्य जरा नाराज आहेत, परंतु फोटोचा मुद्दा सांगितल्यावर त्यांनाही पटले. मुलीचा शाळाप्रवेश झालेला आहे, धाकट्याचा नाही. सोमवारी मी बरोबर जाणार आहे. घरमालकाने नोंद केलेली आहे, तेही पाहिले.

आणखी दोन शंका आहेत. किस्र्याचा विषय काढताच आई म्हणाल्या की त्यांना डबे करून विकायला आवडेल. हे चालेल का? आणि गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, नंतर दिवाळी. त्या दिवसांत काय करावे?

कागदपत्रवाला वकील

डब्यांबाबत घाई करू नका. त्यांचा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे, आणि काम करण्याची परवानगी नसलेल्या व्हिसावर विक्री सुरू केली तर मुदतवाढीच्या वेळी तेच अंगाशी येऊ शकते. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी भिशीच्या व्हॉट्सॲप गटावर डब्याची जाहिरात फिरवू नका. आधी पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घेऊन थोरल्या मुलाबरोबर एखाद्या जाणकार वकिलाला भेटा. एकमेकींकडे जेवायला जाण्याला मात्र कोणत्याही परवान्याची गरज नाही.

वस्तीतली कार्यकर्ती

ढोलाचा त्रास होईलच असे धरून चालू नका. तालाचा आवाज काहींना चालतो, अचानक होणारा स्फोट चालत नाही, आणि हे माणसागणिक बदलते. सराव कुठे आणि किती वाजता होतो ते आधी सांगा. मुलाला इच्छा असेल तर दिवसाउजेडी, वादन सुरू नसताना, ढोल जवळून पाहू द्या, हात लावू द्या, हवे तर त्यानेच टिपरू मारून पाहावे. आवाज आपल्या हातून निघाला की त्याचे भय बऱ्याचदा कमी होते. नको म्हणाला तर विषय तिथेच सोडा.

फटाक्यांची गोष्ट वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा अशी वेळ घालून दिली. पुण्यात ती कितपत पाळली जाते हे आपण सगळे जाणतो. निदान तुमच्या आवारात सुतळी बॉम्ब लागणार नाहीत असा ठराव कमिटीने आत्ताच करावा, ऐन दिवाळीत केला तर तो या कुटुंबाविरुद्धचा राग होऊन बसेल. ठरावात त्यांचे नाव नको. इमारतीतली तान्ही मुले, म्हातारी माणसे आणि कुत्री यांच्यासाठीही तो तितकाच लागू आहे. आईंना आणि थोरल्याला दिवाळी म्हणजे काय, कोणत्या दोन-तीन रात्री जास्त आवाज असतो, हे आधी सांगून ठेवा, आणि त्या रात्री रस्त्यापासून लांबच्या खोलीत झोपायचे, गावाबाहेर कोणाकडे जायचे की घरीच थांबायचे, हे त्यांनाच ठरवू द्या. घरीच थांबले तर तुमच्यापैकी एकीने आधी विचारून त्यांच्याकडे जाऊन बसावे. फराळाचे ताट घेऊन जायला हरकत नाही, फक्त बेल वाजवण्याआधी फोन करा.